बशीतला चमचा

आयोवात समुद्र नाही, हे थेडा यान्सेनला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं म्हणा. ती जन्मली आणि वाढली जर्मनीच्या पार उत्तर टोकाला, समुद्राला टेकलेल्या एका खेड्यात. तिथे समुद्र वर आणि शेतं खाली, आणि दोघांच्या मधे मातीचा उंच बांध. ओहोटीला समुद्र इतका मागे हटायचा, की नजर पोचेल तिथपर्यंत ओला चिखल उघडा पडायचा. मग माणसं अनवाणी त्या समुद्राच्या तळावरून चालत सुटायची, आणि बांधावरून बघणाऱ्याला ती चालत चालत आभाळातच शिरल्यासारखी वाटायची. जिने जन्मापासून हेच पाहिलं, तिला जग सगळीकडे असंच असणार असं वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? त्यामुळे न्यूयॉर्कला बोटीतून उतरून, आगगाडीत बसून बसून अंग आंबल्यावर ती अमेरिकेच्या पार मधोमध असलेल्या आयोवातल्या एवढ्याशा स्टेशनात पाय टेकती झाली, तेव्हा तिने नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमचा बांध कुठे आहे.

नवरा गालातल्या गालात हसला. त्याचं नाव एन्नो.

"इथे समुद्र ऑगस्टमध्ये येतो," तो म्हणाला. "तोवर धीर धर."

हे दोघं एकमेकांना भेटले कसे, तेही सांगायला हवं. एन्नोचे पणजोबा त्याच किनाऱ्यावरून उठून आयोवात आले होते. येताना जी बोली घेऊन आले ती त्यांच्या घरात तशीच राहिली होती, फडताळात मागे सरकलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी. पुढे एन्नो अमेरिकन फौजेत भरती झाला आणि त्याची नेमणूक झाली थेडाच्या गावाजवळ. हा उंच, लाल कानांचा सैनिक पाव घ्यायला दुकानात शिरला आणि थेडाच्या खापरपणजीने वापरले असते असे शब्द बोलायला लागला. दुकानातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. थेडा हसली नाही. तिने त्याला घरी चहाला बोलावलं.

आता या चहाबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपण चहा उकळतो, त्याचा रंग बघतो, आणि पाहुणा 'नको नको' म्हणत असताना कप त्याच्या हातात कोंबतो. त्या किनाऱ्यावर असलं काही चालत नाही. तिथे चहा म्हणजे जवळजवळ पूजाच. चिनी मातीच्या पातळ कपात आधी खडीसाखरेचा खडा ठेवायचा. त्यावर कडक काळा चहा ओतायचा (तो आपल्याच आसामचा, बरं का), म्हणजे खडा तडतडतो. तो तडतडताना सगळे गप्प बसून ऐकतात. मग साय कपाच्या कडेकडेने अलगद सोडायची, तीही घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे काळ जरा थांबतो म्हणे. साय आधी बुडते आणि मग ढग होऊन वर येते. ढवळायचं मात्र मुळीच नाही. ढवळणाऱ्याला तिथे रानटी समजतात. आधी साय लागते, मग कडू, आणि तळाशी गोड. शेवटचा नियम चमच्याचा. चमचा बशीत आहे तोवर यजमानीण ओतत राहणार, काही न विचारता. पुरे झालं की पाहुण्याने चमचा कपात ठेवायचा. 'पुरे' असं तोंडाने कुणी म्हणत नाही आणि आग्रह नावाचा प्रकार तर त्यांना माहीतच नाही.

एन्नोला हे सगळं आजीने शिकवलेलं होतं. तरी त्या पहिल्या दिवशी त्याने चमचा कपात ठेवलाच नाही. थेडाची आई ओतत राहिली आणि तो पीत राहिला. बांधापलीकडे भरती येऊन गेली, दिवे लागले, थेडाचे वडील उघड उघड जांभया देऊ लागले. शेवटी तो उठला, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि चमचा बशीतच ठेवून गेला. आईने त्या चमच्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. हा परत येणार, म्हणाली. तो परत आला, आणि पुन्हा पुन्हा येत राहिला.

पुढे सगळा जन्म त्याने तेच केलं. चहा अर्धा टाकून गोठ्यात जाईल, शेतात जाईल, चर्चमधल्या कुणाची बिघडलेली मोटार ढकलायला जाईल, पण चमचा बशीत. त्याचा अर्थ, मी येतोच आहे, ओतून ठेव.

आणि ऑगस्टमध्ये खरंच समुद्र आला. मे महिन्यात बोटभर दिसणारा मका ऑगस्टात एन्नोच्याही डोक्यावरून गेला. घर मधे आणि चारी बाजूंनी मका. वारा सुटला की त्याच्या अंगावरून लाट धावत यायची ती ओसरीच्या पायरीशी येऊन थांबायची. पहाटे खिडकी उघडी असली की तोच आवाज, तेच लांबून येणं आणि लांब जाणं. थेडा उशीत तोंड खुपसून पोटभर रडली आणि त्यानंतर घराच्या आठवणीने कधी रडली नाही. ऑक्टोबरात मका कापला की ओहोटी. काळी जमीन उघडी पडायची, शेजाऱ्यांची घरं अचानक दिसायला लागायची. तिच्या मनाने हा हिशेब असा पक्का बसवून घेतला, की वर्षाला एक भरती आणि एक ओहोटी एवढ्यावर तिचं भागायला लागलं.

तिचं आयुष्य काय झालं असं कुणी विचारलं तर ती म्हणेल, काही नाही, काम झालं. गाई होत्या, डुकरं होती, कोंबड्या होत्या. सोयाबीनच्या तासांमधून तिने उन्हातान्हात तण उपटलं, बर्फाच्या वादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून त्याला धरत धरत धारा काढायला गेली, उन्हाळ्यात टोमॅटो आणि घेवडा बरण्यांत भरला, चर्चमधल्या बायकांशी दोनदा भांडली आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. एकच मुलगा झाला, डेल. तो शिकला, डिमॉइनला गेला, विम्याच्या कंपनीत लागला. त्याला चहा कधी आवडला नाही. लहानपणी तो तिसऱ्या खुर्चीत बसून दूध प्यायचा आणि खडा तडतडला की कान टवकारायचा, तेवढंच. तीन वाजले की नवराबायको समोरासमोर बसायची. फारसं बोलायची नाहीत. साय बुडायची, वर यायची, आणि घड्याळ खरंच जरा थांबल्यासारखं व्हायचं.

पुढे जे झालं त्याला आता दहाबारा वर्षं झाली. सप्टेंबर संपत आला होता, मका वाळून खडखडीत झाला होता. एन्नो तीनच्या चहाला आत आला. एक कप प्यायला, दुसरा अर्धा. मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "थेडा, आता पुरे करायचं का गं?"

कशाचं पुरे? शेतीचं, घराचं, की आणखी कशाचं, ते तिला कळलं नाही. ती म्हणाली, आधी चहा तर पी. एवढ्यात बाहेर वासरू ओरडायला लागलं आणि तो उठला. चमचा बशीत. वासरू कुंपणात अडकलं होतं ते त्याने सोडवलं असणार, कारण नंतर ते अंगणात मोकळं फिरत होतं. एन्नो कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता, मक्याकडे तोंड करून. हृदय थांबलं, त्याला कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. थेडाने स्वतःच्या हाताने त्याचे डोळे मिटले.

म्हणजे तो गेला हे तिला माहीत होतं. माहीत नसायला ती काही वेडी नव्हती. पण त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती स्वयंपाकघरात आली, तर टेबलावर अर्धा कप तसाच आणि चमचा बशीत. आता अशा वेळी घरच्या बाईने काय करायचं? दुसऱ्या दिवशी तीनला तिने त्याच्या कपात चहा ओतला. तिसऱ्या दिवशीही ओतला. नियम नियमच असतो, तो माणूस बघून बदलत नाही. तेव्हापासून रोज दोन कप. त्याचा निवला की ती बाहेर जाऊन ओसरीजवळच्या लायलॅकच्या झाडाला घालते. झाड काय माजलंय! एन्नो येऊन बसतो असं ती म्हणत नाही. बसत नाही असंही म्हणत नाही. वाफ वर जाते, तिरपं ऊन खुर्चीच्या पाठीवर पडतं, मका सळसळतो, आणि त्या वेळी खुर्ची रिकामी आहे असं छातीवर हात ठेवून सांगणं कुणालाही कठीण गेलं असतं. कधी ती त्याला सांगते, लायलॅक फुललाय. कधी सांगते, शेजाऱ्याने या वर्षी पेरणी उशिरा केली. त्याच्या त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. तो विषय निघाला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

हे इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण डेल यायचा तो रविवारी, चर्च सुटल्यावर, आणि जेवून दोनच्या आत निघायचा. या वर्षी जुलैत तो कामासाठी जवळच आला होता म्हणून आठवड्याच्या मधेच, न सांगता, दुपारी आला. जाळीच्या दारातून त्याने बघितलं. आई रिकाम्या खुर्चीसमोर चहा ओतत होती आणि त्या खुर्चीला पावसाचं सांगत होती. तो आत आला नाही. ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. साठी ओलांडलेला माणूस, पण खांदे असे पडले होते की थेडाला तो शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसला.

त्यानंतर त्याने बोलायला सुरुवात केली. डिमॉइनला म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगलं घर आहे. तिथे बाग आहे, नर्स आहे. हे घर इतकं जुनं आहे की दुरुस्तीला अर्थ नाही. जमीन खंडाने कसणारा शेजारी घर पाडून, झाडं काढून, पार इथपर्यंत मका लावायला तयार आहे. डेल वाईट मुलगा नव्हता. घाबरला होता. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं भलं करायला निघाला की त्याला आवरणं कठीण. शेवटी एवढं ठरलं, की गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरने घरी येऊन आईला तपासावं. आईचं डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरने म्हटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. नाही म्हटलं, तर पहिला बर्फ पडायच्या आत सामान बांधायचं.

डॉक्टर आली ती राधिका नावाची, नागपूरची. जर्सी सिटीला शिकली होती, नवरा निमिष अजून तिथेच उंच इमारतीत राहत होता, आणि ही व्हिसाच्या अटीपायी तीन वर्षं आयोवाच्या खेड्यात दवाखाना चालवायला येऊन पडली होती. ऑक्टोबरात एका दुपारी तीनच्या सुमाराला ती दारात उभी राहिली. थेडाने तिला बसवलं, आणि पाहुणी आली म्हणून गुलाबाच्या नक्षीचा कप काढला.

मग जी गंमत झाली ती आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकते. राधिकाला लहानपणापासून शिकवलेलं, की समोर आलेलं टाकायचं नाही, कपात घोटभरही ठेवायचा नाही. तिने कप रिकामा केला. चमचा बशीत होता, म्हणून थेडाने ओतला. राधिकाला वाटलं, म्हातारी आग्रह करते आहे, मन कसं मोडायचं? तिने तोही संपवला. थेडाने ओतला. राधिका हसून पीत राहिली, मधे मधे तपासणीचे प्रश्न विचारत राहिली, आणि थेडा उत्तरं देत ओतत राहिली. केटली संपली. थेडाने दुसरी चढवली. कुठल्या घरची पोरगी आहे ही, तिच्या मनात आलं, एन्नोनंतर असं चहा पिणारं कुणी पाहिलं नाही. राधिकाच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी तिने बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

परत येताना तिचं लक्ष थेडाच्या कपाकडे गेलं. त्यात चमचा होता. तो तिथे का, असं तिने विचारलं आणि थेडाने नियम सांगितला. राधिका आधी बघतच राहिली, मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने आपला चमचा उचलून कपात ठेवला, आणि थेडाने केटली मेणबत्तीच्या शेगडीवर परत ठेवली. त्या हसण्याने दोघींमधला डॉक्टर आणि पेशंट हा प्रकार बराचसा संपला.

पण राधिका बोलता बोलता थांबली. टेबलावर तिसरा कप होता. भरलेला, साय वर आलेली, आणि चमचा बशीत. तिने त्या चमच्याकडे बघितलं आणि थेडाने तिच्याकडे. याच कपासाठी ही इथे आली आहे हे थेडाला पक्कं ठाऊक होतं. आता एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घर जाणार, लायलॅक जाणार, दरवर्षीची भरतीही जाणार. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"ते कपात चमचा न ठेवताच उठले होते का?" राधिकाने विचारलं.

थेडाला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग तिने सगळं सांगितलं, वासरू, कुंपण, आणि तो अर्धा राहिलेला कप. एन्नोने विचारलेलंही सांगितलं, जे तिने डेललासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बाहेर मक्यातून वारा येत होता आणि जात होता.

 मग राधिकाने स्वतःच्या वडिलांचं सांगितलं. ते नागपूरला वारले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तिला जाताच आलं नाही. आमच्याकडे, ती म्हणाली, दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा यायची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे माणूस समाधानाने गेला. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी राहिलं आहे. मग घरचे एकेक जण पुढे होऊन त्याला सांगतात, तुमचं हे करू, ते करू. तिच्या बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. भाऊ प्रसन्नने घराचं वचन दिलं, आईला सांभाळायचं वचन दिलं. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी प्रसन्नने व्हिडिओ कॉल लावून फोनच पिंडासमोर धरला.

"मला काय बोलावं सुचेना," राधिका म्हणाली. "बाबा रोज फोनवर एकच विचारायचे, जेवलीस का? मी म्हटलं, बाबा, मी वेळेवर जेवते. लगेच कावळा आला. आणि आजी, मी खोटं बोलले होते. त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं."

आजी हा शब्द तिच्या तोंडून नकळत गेला. थेडाने त्याचा अर्थ विचारला, राधिकाने सांगितला, आणि थेडाने तो ठेवून घेतला. मग उठून तिने पाव कापला, लोणी लावलं आणि राधिकासमोर ठेवला. चहाने भरलेल्या पोटी राधिकाने तो सगळा खाल्ला.

निघताना ती म्हणाली, रविवारी डेलसमोर मी येते. अहवालात काय लिहिणार ते तिने सांगितलं नाही आणि थेडाने विचारलं नाही. पण या पोरीच्या लोकांत गेलेल्या माणसाला उत्तर देतात, ही गोष्ट थेडाच्या मनात घर करून बसली. आमच्याकडे नुसतं ओतत राहतात.

त्या आठवड्यात शेजाऱ्याचं कापणीचं अवाढव्य यंत्र आलं. थेडा दिवसभर खिडकीत बसून होती. मका ओळीओळीने खाली जात होता आणि त्याच्या मागून आभाळ मोठं होत येत होतं. तिचा डोळा लागला की काय कोण जाणे, पण तिला वाटलं ती बांधावर उभी आहे, पायाखाली थंड गवत आहे, आणि ओहोटीला सुरुवात झाली आहे. चिखल चकाकत होता. कुणीतरी उंच माणूस बांधाच्या पायथ्याशी बूट हातात घेऊन उभा होता. निघायचं तर होतं त्याला, पण मागे वळून वळून बघत होता. ती जागी झाली तेव्हा यंत्र गेलं होतं आणि शेत पार क्षितिजापर्यंत मोकळं होतं.

रविवारी डेल आला आणि तीनपर्यंत थांबला. राधिका आली. थेडाने इस्त्रीचा टेबलक्लॉथ घातला, कप मांडले, एन्नोचाही मांडला. डेलने तो बघितला आणि नजर खाली घातली.

राधिकाने आधी तिचं सांगितलं. आईची स्मृती तिच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. आई आजारी नाही. वडील गेले हे तिला पक्कं माहीत आहे, आणि त्यांच्या कपात चहा ओतणं हा रोग नाही. हे मी लिहून देते, ती म्हणाली.

डेलने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. समाधान व्हायला तो काही कागदासाठी घाबरला नव्हता. हिवाळ्यात बर्फात आई एकटी पडून राहिली तर काय, हे त्याला झोप लागू देत नव्हतं. तो बोलायला लागला, अडखळला, आणि आईचा हात धरला. बापासारखेच कान लाल झाले होते त्याचे.

"मॉम," तो म्हणाला, "आता पुरे नाही का झालं?"

 इतक्या वर्षांनी तोच प्रश्न त्याच टेबलावर आला होता, आवाजही जवळजवळ तोच. तिने डेलकडे बघितलं. मग समोरच्या खुर्चीकडे वळली. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, वाफ वर जात होती, आणि मागे कापलेलं शेत लांबच लांब पसरलं होतं. ती लपवाछपवी न करता, मुलासमोर आणि डॉक्टरसमोर, आपल्या जुन्या बोलीत बोलली. डेलला ती बोली लहानपणापासून कळत होती. राधिकाला कळत नव्हती, तरी तिलाही ते कळलं.

"तुझं पुरे, एन्नो," ती म्हणाली. "खूप केलंस. जा आता, ओहोटी आहे. माझं मात्र अजून पुरे झालेलं नाही."

तिने त्याच्या बशीतला चमचा उचलला आणि अलगद त्याच्या कपात ठेवला. काचेला काच लागावी एवढासा आवाज झाला. खिडकीबाहेर कापलेल्या शेतावरून वारा गेला आणि अडवायला मका नव्हता म्हणून तो तसाच पुढे गेला. थेडा त्याच्या मागे बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. खुर्ची रिकामी होती. आज ते तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं.

डेल बापाच्या कपातल्या त्या चमच्याकडे बघत होता. चहा त्याला आवडत नव्हता, पण तो वाढला होता याच टेबलाशी. बाबांच्या कपात त्याने जन्मात पहिल्यांदा चमचा बघितला. मग त्याची नजर आईच्या कपाकडे गेली. तिने आपला कप रिकामा करून पुढे सरकवला होता. तिचा चमचा बशीत होता.

 मग तो उठला. डब्यातून खडीसाखरेचा एक खडा काढून त्याने आईच्या कपात ठेवला, दोन्ही हातांनी केटली उचलली आणि ओतली. खडा तडतडला. तिघंही गप्प बसून ऐकत राहिली.